पन्नास सेंटची अट

मागच्या शनिवारी मित्रांशी गप्पा मारताना नेहमीचा वाद निघाला. कामं सरकारने करावीत की खाजगी कंपन्यांनी? एकाचं म्हणणं, सरकारच्या हातात दिलं की काम बुडालंच म्हणून समजा. दुसरा म्हणाला, पीपीपी म्हणजे फायदा कंपनीचा आणि तोटा जनतेचा, टोलनाके बघा की! मी मध्येच बोलून गेलो की सगळ्याच भागीदाऱ्या तशा नसतात. "मग एक उदाहरण सांग", दोघंही एका सुरात म्हणाले. आणि मला धड एकही सांगता येईना :(

मग आठवडाभर ऑफिस सुटल्यावर वाचत बसलो. उदाहरण सापडलं, आणि ते निघालं चक्क आमच्या हडपसरचं. मी रोज ज्या रस्त्याने ऑफिसला जातो तिथून काही किलोमीटरवरचं. पण गोष्ट सुरू होते ती आफ्रिकेत, म्हणून आधी तिकडे जाऊ.

पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला इथिओपियापर्यंत सहाराच्या दक्षिणेला एक लांबच लांब पट्टा आहे. लापेसोनी नावाच्या एका फ्रेंच लष्करी डॉक्टरने १९६३ मध्ये त्याला नाव दिलं, 'मेनिंजायटिस बेल्ट'. मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाला होणारा दाह. साधारण डिसेंबर ते जून या कोरड्या दिवसांत वाळवंटाकडून धुळीचे वारे सुटतात, लोकांचे घसे-नाकं कोरडी पडतात आणि या जंतूचं फावतं. सकाळी ताप आलेलं पोर दुसऱ्या दिवशी दगावलेलं, असा हा आजार. उपचार मिळाले तरी दहातला एखादा जातो, आणि जे वाचतात त्यातले कित्येक कायमचे बहिरे होतात. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून जास्त लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार मेले. त्या पट्ट्यातल्या बहुतेक मोठ्या साथींमागे या जंतूचा एकच प्रकार होता, 'ए' गट.

आता तुम्ही म्हणाल, मग लस नव्हती का? होती. पण जुन्या पद्धतीची. जंतूच्या बाहेरच्या साखरेच्या आवरणाचा अंश टोचायचा, एवढंच तिचं काम. दोन वर्षांखालच्या मुलांच्या शरीराला ते आवरण नीट ओळखता येत नाही, मोठ्यांमध्येही परिणाम थोडीच वर्षं टिकतो, आणि घशात जंतू घेऊन फिरणाऱ्या माणसाकडून होणारा प्रसार थांबत नाही. म्हणजे साथ आली की धावत जाऊन लस टोचायची, तोवर निम्मी साथ होऊन गेलेली असायची. उपाय शास्त्रज्ञांना ठाऊक होता: त्या साखरेला एखादं प्रोटीन जोडायचं. मग शरीर त्याची नीट नोंद घेतं आणि लहान मुलांतही चांगलं, टिकाऊ संरक्षण तयार होतं. याला कॉन्जुगेट लस म्हणतात. याच तंत्राने बनवलेली 'सी' गटाची लस ब्रिटनने १९९९ मध्ये आपल्या मुलांना द्यायला सुरुवातही केली होती. तंत्र तेच, फक्त 'सी' च्या जागी 'ए' हवा होता. पण 'ए' गटाची गिऱ्हाइकं माली, नायजर, बुर्किना फासो अशा देशांतली. त्यांच्या खिशात पैसे नाहीत, म्हणून कुणी बनवत नव्हतं.

ही काही पहिलीच वेळ नव्हती. हिपॅटायटिस बी ची लस अमेरिकेत १९८१ मध्ये आली. ती सगळ्या देशांनी बाळांना द्यावी असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९२ मध्ये सांगितलं. आणि अतिगरीब देशांत ती मोठ्या प्रमाणावर पोचायला २००० साल उजाडावं लागलं. श्रीमंतांकडे लस आली की गरिबांकडे ती झिरपायला पंधरा-वीस वर्षं लागायची. तोवर जन्मलेल्या मुलांनी काय करायचं, याला उत्तर नव्हतं.

या दिरंगाईवर उपाय म्हणून जानेवारी २००० मध्ये दाव्होसला एक नवीन संस्था जाहीर झाली. तिचं नाव गावी. (हो, 'मी उद्या गावी चाललोय' मधलं नव्हे, पण मला दरवेळी वाचताना तसंच वाटतं.) जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, जागतिक बँक, देणगीदार सरकारं, लस घेणारे गरीब देश, लस बनवणाऱ्या कंपन्या आणि गेट्स फाउंडेशन, असे सगळे एकाच टेबलाभोवती. गेट्स फाउंडेशनने सुरुवातीला पाच वर्षांसाठी ७५ कोटी डॉलर कबूल केले. विकासनिधीच्या जगात तोपर्यंत दोनच चाली माहीत होत्या: सरकारने सरकारला पैसे द्यायचे, नाहीतर कंपनीने औषध दान करायचं. इथे कंपनीसुद्धा संचालक मंडळावर बसली. अनेकांना ते आवडलं नाही. विकणाराच खरेदीच्या बैठकीत कशाला, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याच्याकडे नंतर येतो.

पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, गेट्स फाउंडेशनच्या ७ कोटी डॉलरवर 'मेनिंजायटिस व्हॅक्सीन प्रोजेक्ट' सुरू झाला. चालवणारे दोघे: जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ नावाची सिअॅटलची ना-नफा संस्था. प्रमुख होते डॉ. मार्क लाफोर्स. मला या माणसाची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रयोगशाळेत शिरण्याआधी ही मंडळी आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेली आणि विचारलं, तुम्हाला कशी लस हवी आणि किती पैसे देऊ शकाल? उत्तर साधं होतं. महाग लस आणणार असाल तर आणूच नका. त्या चर्चांतून आकडा ठरला: एका मात्रेला ५० सेंटच्या आत. तेव्हाच्या हिशोबाने साधारण २३ रुपये.

आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट म्हणतात, आणि ती प्रोजेक्टच्या शेवटी विचारली की काय होतं हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. लशींच्या बाबतीत रीत उलटी होती: आधी लस बनवा, मग खर्च आणि नफा मिळवून किंमत लावा, मग गरिबांसाठी सवलत मागा. इथे किंमत पहिल्या पानावर लिहिली गेली.

ती वाचून मोठ्या कंपन्या अर्थातच मागे सरल्या. २००२ च्या सुमारास बोलणी फिसकटली. त्यांना दोष देण्यात फारसा अर्थ नाही. त्यांच्या कारखान्यातली जी जागा आणि माणसं या लशीला लागणार, तीच श्रीमंत देशांच्या लशीला लावली तर कितीतरी पट पैसे मिळत होते. भागधारकांना काय सांगणार?

मग प्रोजेक्टवाल्यांनी ठरवलं की एकच कंपनी सगळं देईल ही आशा सोडायची आणि तुकडे गोळा करायचे. साखरेचं आवरण सुरुवातीला अॅमस्टरडॅमच्या सिन्को बायो पार्टनर्सकडून घ्यायचं. साखर आणि प्रोटीन जोडण्याची नवीन, जास्त उतारा देणारी पद्धत अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेत कार्ल फ्राश आणि रॉबर्ट ली यांनी शोधली होती, ती घ्यायची. म्हणजे सरकारी प्रयोगशाळेतलं ज्ञान. आणि हे सगळं एकत्र करून ५० सेंटच्या आत लस बनवणारा कुणीतरी शोधायचा. तो सापडला हडपसरला: सीरम इन्स्टिट्यूट.

सीरमची जन्मकथा पुण्यात बऱ्याच जणांना माहीत आहे. पूनावालांचा घोड्यांचा स्टड फार्म. तिथली म्हातारी घोडी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला दिली जायची, कारण धनुर्वाताचं प्रतिविष तेव्हा घोड्याच्या रक्तापासून बनायचं. सायरस पूनावालांनी विचार केला की हे आपणच का बनवू नये, आणि १९६६ मध्ये कंपनी काढली. पुढे धनुर्वाताच्या लशीत ती जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक झाली. आता योगायोग बघा. मेनिंजायटिसच्या साखरेला जोडायला जे प्रोटीन हवं होतं, ते होतं धनुर्वाताचं टॉक्सॉइड. सीरमकडे ते मुबलक आणि स्वस्त होतं.

पण सीरमने इतक्या पातळ नफ्यावर हो का म्हटलं? नुसतं पुण्य म्हणून नव्हे. त्यांना कॉन्जुगेट लस बनवता येत नव्हती. या सौद्यात त्यांना ती विद्या मिळणार होती, शास्त्रज्ञांचं प्रशिक्षण मिळणार होतं, आणि विकासाच्या खर्चातला मोठा वाटा प्रोजेक्ट उचलणार होता. बदल्यात किंमत ५० सेंटच्या आत ठेवायची. दोघांचाही फायदा, आणि तो कागदावर. थोडक्यात काय, तर कुणाच्या चांगुलपणावर काही सोडलेलं नव्हतं.

पहिली चाचणी २००५ मध्ये भारतात झाली, पुढच्या माली, गांबिया, सेनेगल अशा देशांत. म्हणजे ज्यांना लस टोचायची त्यांच्यातच. डिसेंबर २००९ मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांची परवानगी आणि जून २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. लशीचं नाव मेनॅफ्रीव्हॅक. ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली आणि सुमारे दहा दिवसांत १ ते २९ वयाच्या एक कोटीहून जास्त लोकांना लस दिली गेली. पुढच्या मोसमात तिथे 'ए' गटाचे रुग्ण बोटावर मोजण्याइतके निघाले. लस घेऊनही आजारी पडलेला त्यात कुणी नव्हता.

पुढचे आकडेही देतो, कारण असे आकडे रोज वाचायला मिळत नाहीत. २०१२ मध्ये बेनिनमध्ये ही लस शीतसाखळीबाहेर, ४० अंशांपर्यंत, चार दिवस ठेवून वापरली गेली. गावोगाव बर्फाचे डबे वाहणाऱ्या आरोग्यसेविकेला विचारा याचा अर्थ काय. दहा वर्षांत त्या पट्ट्यातल्या २४ देशांत ३४ कोटींहून जास्त लोकांना लस मिळाली. आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'ए' गटाचा एकही खात्रीचा रुग्ण नोंदला गेलेला नाही. जंतू मात्र गप्प बसत नाहीत. 'ए' गेल्यावर 'सी' ने डोकं वर काढलं: २०१५ मध्ये नायजर, २०१७ मध्ये नायजेरिया. मग सीरम आणि पाथ यांनीच ब्रिटिश सरकारच्या पैशातून पाच गटांवरची एक लस बनवली. तिला २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि मार्च २०२४ मध्ये नायजेरियाने ती सगळ्यात आधी वापरली.

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण मित्रांना उत्तर द्यायचंय, तर दुसरी बाजूही बघितली पाहिजे.

त्याच काळात गावीने पैसे उभे करायचे आणखी दोन मार्ग काढले. पहिला २००६ चा. समजायला सोपा, कारण आपल्यापैकी निम्म्यांनी होम लोन घेतलंय. ब्रिटन, फ्रान्स, इटली, स्पेन, स्वीडन आणि नॉर्वे यांनी पुढची वीसेक वर्षं हप्त्याहप्त्याने देणगी द्यायचं कबूल केलं. त्या वचनाच्या जोरावर बाजारात रोखे विकले, पहिल्याच वेळी १०० कोटी डॉलरचे, आणि पैसे आजच लशीवर खर्च केले. पुढे हे रोखे जपानमधल्या सामान्य बचतदारांनाही विकले गेले. व्याज जातं, हे खरं. पण बाळ वीस वर्षं थांबू शकत नाही, हेही खरं.

दुसरा मार्ग म्हणजे अस्सल हमीभाव. न्यूमोकोकस नावाच्या जंतूवरच्या लशीसाठी इटली, ब्रिटन, कॅनडा, रशिया, नॉर्वे आणि गेट्स फाउंडेशन यांनी मिळून १५० कोटी डॉलर बाजूला ठेवले. कंपन्यांना सांगितलं: तुम्ही बनवा, सुरुवातीच्या काही मात्रांना ७ डॉलर मिळतील, नंतर दहा वर्षं जास्तीत जास्त ३.५० डॉलरला द्यायची. २००९ मध्ये करार झाला, २०१० मध्ये फायझर आणि ग्लॅक्सो आत आल्या. डिसेंबर २०१० मध्ये निकाराग्वात आणि फेब्रुवारी २०११ मध्ये केनियात लस पोचलीसुद्धा. पंधरा-वीस वर्षांची वाट जवळजवळ एका वर्षावर आली. ही छोटी गोष्ट नाही.

पण टीकाही झाली, आणि ती डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स सारख्या संस्थेने केली. त्यांचा मुद्दा असा की या लशी आधीच तयार होत आल्या होत्या, श्रीमंत देशांत त्यांचा खर्च निघणारच होता, मग अनुदानाचा मोठा वाटा त्याच दोन कंपन्यांना का? स्वस्तात बनवू शकणारा तिसरा उत्पादक यायला डिसेंबर २०१९ उजाडलं. तो पुन्हा सीरमच. किंमत २ डॉलर. आणि ही लस सीरमला बनवता आली त्यामागे मेनिंजायटिसच्या वेळी शिकलेली ती जोडणीची विद्याही होती.

हमीभाव शेतात पीक उभं असलेल्याला मिळाला तर तो बाजारात माल आणतो, हे आपल्याला कापूस-तुरीवरून माहीत आहे. नवीन शेतकरी त्याने लगेच तयार होत नाही. त्याला आधी बियाणं आणि पाणी लागतं. मेनिंजायटिसच्या वेळी बियाणं दिलं गेलं, न्यूमोकोकसच्या वेळी भाव. दोन्ही भागीदाऱ्याच, पण फळ वेगळं.

आता शेवटचा आणि मला सगळ्यात त्रास देणारा भाग.

२०२० मध्ये कोविडसाठी गावी, सेपी आणि जागतिक आरोग्य संघटनेने कोव्हॅक्स उभारलं. गावी आणि गेट्स फाउंडेशनने सीरमला ३० कोटी डॉलर आगाऊ दिले: २० कोटी मात्रा, जास्तीत जास्त ३ डॉलरला, भारत आणि इतर गरीब देशांसाठी. वीस वर्षांत शिकलेलं सगळं यात होतं. किंमत आधी, जोखीम वाटून, कारखाना ओळखीचा. २४ फेब्रुवारी २०२१ ला हडपसरहून गेलेल्या ६ लाख मात्रा घानात उतरल्या. मग भारतात दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली.

ते दिवस तुम्हालाही आठवत असतील. पुण्यात बेड मिळत नव्हता. आईबाबांचा दुसरा डोस लांबला होता. मी आणि माझे मित्र स्लॉट शोधायला स्क्रिप्ट लिहीत होतो आणि स्लॉट दिसेपर्यंत तो जातही होता. लस आमच्या घरापासून काही किलोमीटरवर बनत होती आणि आम्हाला मिळत नव्हती. निर्यात बंद झाल्याची बातमी वाचून मला मनापासून बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू.

त्याच वेळी युनिसेफ सांगत होतं की जून अखेरपर्यंत कोव्हॅक्सला १९ कोटी मात्रा कमी पडतील. ज्या देशांकडे स्वतःचा कारखाना नव्हता तिथल्या नर्सेस पहिला डोस घेऊन, किंवा तोही न घेता, वॉर्डात काम करत होत्या. कोव्हॅक्सला सीरमच्या लशी पुन्हा मिळायला नोव्हेंबर २०२१ उजाडलं. करारात किंमत होती, जोखीम होती, सगळं होतं. एक गोष्ट कुणालाच लिहिता आली नव्हती: कारखाना ज्या मातीवर उभा आहे तिथे आग लागली तर पहिली बादली कुणाची? आजही मला तेव्हाचा निर्णय सरळसरळ चूक म्हणता येत नाही. पण माझ्या त्या 'बरं वाटलं' ची किंमत कुणीतरी दूर देशात दिली, हे आता माहीत आहे.

आफ्रिकेतल्या देशांनी धडा घेतला. २०४० पर्यंत आपल्याला लागणाऱ्या लशींपैकी ६० टक्के आपल्याच खंडात बनवायच्या असं त्यांनी एप्रिल २०२१ मध्ये ठरवलं. त्यासाठी गावीने जून २०२४ मध्ये दहा वर्षांसाठी १२० कोटी डॉलरपर्यंतची योजना सुरू केली. म्हणजे जे बियाणं हडपसरला मिळालं ते आता तिकडे पेरायचं. मला यात सीरमचं नुकसान दिसत नाही. पुढच्या साथीत माझ्यावर आणि घानातल्या माझ्यासारख्या कुणावर एकाच कारखान्याच्या दारात भांडायची वेळ येऊ नये, एवढंच दिसतं. पण पैशाचं काय? जून २०२५ मध्ये अमेरिकेने गावीचा निधी थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याच बैठकीत ११९० कोटी डॉलरचं उद्दिष्ट होतं आणि कबूल झाले ९०० कोटींहून थोडे जास्त. सरकार उठून गेलं की तिची खुर्ची खाजगी क्षेत्र आपोआप भरत नाही, हेही त्या दिवशी कळलं.

तर मित्रहो, शनिवारी तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. भागीदारीत सरकार आहे की कंपनी, यावरून फारसं काही कळत नाही. कागद मागा. त्यावर किंमत कुणी लिहिली आणि कधी लिहिली ते बघा. बुडालं तर कुणाचे पैसे बुडणार ते बघा. शेवटी विद्या कुणाच्या हातात राहणार ते बघा. आणि टंचाईच्या दिवशी रांगेत पहिला कोण, हे लिहिलंय का तेही बघा. मेनिंजायटिसच्या कागदावर पहिल्या तीन प्रश्नांची चांगली उत्तरं होती. चौथा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

टोलनाक्याचा कागद अजून मी वाचलेला नाही. तो वाद पुढच्या शनिवारी. चहा माझ्याकडून.